ऑइलमध्ये पाणी कुठून आले? हेड उतरवण्यापूर्वी करायच्या तपासण्या

डिपस्टिक ओढून पाहावी आणि तिच्यावर काळ्या ऑइलऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखा थर दिसावा, म्हणजे गाडीचा मालक आणि मेकॅनिक या दोघांच्याही तोंडून बहुधा एकच निदान निघते, ते म्हणजे हेड गॅस्केट गेले, अर्थात सिलिंडरवरचे झाकण (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर फाटला. कधीकधी ते खरेही ठरते. परंतु डिझेल इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, ऑइलपर्यंत पोहोचण्याच्या वाटा निदान आठ-नऊ तरी आहेत, आणि हेड उतरवणे ही त्या सगळ्या वाटा तपासण्याची सर्वांत खर्चिक पद्धत आहे. काही वर्षांपूर्वी चोर्ला घाट चढून आलेल्या माझ्या पिकअपवर हीच वेळ आली, तेव्हा एका गॅरेजने हेड उतरवले, त्याचे फेसिंग केले, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट केला, नवे गॅस्केट घातले आणि पंधरा दिवसांत ऑइल पुन्हा तसेच दुधाळ झाले. दोष ऑइल कूलरमध्ये, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणाऱ्या भागात होता, आणि तो कूलर काही बोल्ट सोडवून अर्ध्या दिवसात बाहेर काढता आला असता. हेडला हात लावण्यापूर्वी काय काय पाहून घ्यावे, हे मी त्या खर्चातून शिकलो. पुढचा क्रम पिकअप आणि ट्रकला तर लागू पडतोच, पण थोड्या फरकाने जनरेटरला आणि ट्रॉलरच्या इंजिनालाही लागू पडतो.

इंजिन सुरू करून पाहू नका

संशय आल्याबरोबर इंजिन बंद ठेवावे. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर नीट टिकत नाही, त्यामुळे दहा मिनिटांच्या चालण्यानेही क्रँकच्या बेअरिंगचे नुकसान होऊ शकते. याहून मोठा धोका सिलिंडरमध्ये साचलेल्या कूलंटचा असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. म्हणून पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलेले असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तोवर काही हजारांचे असलेले काम पूर्ण इंजिन बांधण्यावर जाते. म्हणून बॅटरीची एक वायर काढून ठेवावी, क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे, आणि ते कुठे अडले तर जोर न लावता नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा हीटर प्लग काढून त्या छिद्रांतून पाणी बाहेर येते का ते पाहावे. ज्या सिलिंडरमधून पाणी आले त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. अर्धे निदान तिथेच झालेले असते.

हे कूलंटच आहे का?

गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो, की ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट लोण्यासारखा थर दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. घरापासून बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचे ऑइल पुरेसे तापतच नाही, त्यामुळे आत धरलेली वाफ बाहेर न जाता झाकणावर आणि टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूस थंड होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. असा थर फक्त वरच असेल, डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरची पातळी महिनाभर हललेली नसेल, तर झाकण पुसून गाडी एकदा पेडण्याहून मडगावपर्यंत सलग चालवावी आणि परत आल्यावर पाहावे. थर पुन्हा आला नाही, तर इंजिन उघडण्याचे कारण नाही.

दुसरी फसगत डिझेलमुळे होते. ऑइलची पातळी वाढली म्हणजे पाणीच शिरले असे नव्हे. बीएस-६ गाड्यांमध्ये धुराचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते, आणि हे काम वारंवार अर्धवट राहिले तर त्यातले काही डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. गळकी नोझल किंवा डिझेल पंपाचे खराब सीलही हेच करते. अशा वेळी ऑइल दुधाळ होत नाही. ते पातळ होते, डिपस्टिकवरून भरभर ओघळते आणि त्याला डिझेलचा वास येतो.

पाण्याची खात्री करण्याची सोपी परीक्षा अशी आहे. लोखंडाची जाड पट्टी किंवा जुना तवा उघड्यावर चांगला तापवावा, इतका की त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब लगेच उसळेल. मग तो आगीवरून पूर्णपणे बाजूला घ्यावा, कारण ऑइलमध्ये डिझेल असेल तर ज्वाळेजवळ ते पेट घेऊ शकते. डोळ्यांवर चष्मा लावून त्यावर ऑइलचा एक थेंब सोडावा. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला आणि बुडबुडे उसळले तर ऑइलमध्ये पाणी आहे. थेंब नुसता पसरून धुरावला तर दिसण्याजोगे पाणी नाही. मात्र या परीक्षेला एक मोठी मर्यादा आहे. चालत्या इंजिनात ऑइल ९० ते ११० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे थोडे थोडे शिरणारे पाणी ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफ होऊन निघून जाते आणि कूलंटमधले ग्लायकॉल व त्यातली रसायने मागे ऑइलमध्ये राहतात. कूलंट महिन्याला लिटरभर कमी होत आहे, बाहेर कुठे थेंब नाही, ऑइलची पातळीही वाढलेली नाही आणि थेंबही तडतडत नाही, अशी स्थिती असेल तर प्रकरण संपले असे समजू नये. त्यासाठी प्रयोगशाळेचा आधार घ्यावा लागतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

जाता जाता एक सूचना. ग्लायकॉल चवीला गोड असते, म्हणून बोट चाटून ओळखणारे काही जुने मेकॅनिक मी पाहिले आहेत. इथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. वासावरून ओळखावे, जिभेवरून नाही. आणि काढलेले कूलंट उघड्या भांड्यात कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये.

दाब कुणाचा जास्त, हा पहिला प्रश्न

पाना हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे हा विचार करावा, कारण सगळे निदान यावर उभे आहे. इंजिन चालू असताना ऑइलच्या गॅलरीत, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल नेणाऱ्या वाहिन्यांत, साधारण ३ ते ५ बार दाब असतो, तर कूलंटचा दाब रेडिएटरच्या कॅपने ठरवलेला, म्हणजे बहुतेक गाड्यांत १ बारच्या आसपास असतो. द्रव नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. म्हणून ऑइल कूलरला भोक पडले, किंवा हेड गॅस्केट ऑइलच्या छिद्रापासून पाण्याच्या छिद्रापर्यंत फाटले, तर इंजिन चालू असताना ऑइल कूलंटमध्ये जाते. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब काही क्षणांत शून्य होतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब त्यानंतरही बराच वेळ टिकतो, आणि आता प्रवाह उलटा होऊन त्याच भोकातून कूलंट ऑइलमध्ये उतरते. याचा अर्थ रेडिएटरच्या टाकीत तपकिरी चिकट साय आणि चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे भांडे) दुधाळ ऑइल, अशा दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर दाबाचे ऑइल जिथे पाण्याच्या शेजारून वाहते तिथे दोष आहे, आणि त्यात पहिला संशयित ऑइल कूलर आहे.

याउलट कूलंट काचेसारखे स्वच्छ आणि फक्त ऑइल बिघडलेले असेल, तर कूलंट अशा जागी पडत आहे जिथे ऑइलला दाबच नसतो. लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) खालच्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, गिअरवर चालणाऱ्या वॉटर पंपाचे सील, टायमिंग कव्हरचे गॅस्केट, टॅपेट कव्हरखाली लपलेला कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटेचे पत्र्याचे बूच, ज्याला बरेच मेकॅनिक डमी म्हणतात, किंवा हेडला गेलेली तडा, या सगळ्या जागा या वर्गात येतात. ट्रकमधला पाण्याने थंड होणारा एअर कॉम्प्रेसरही इथेच मोडतो, आणि तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. त्याच्या हेडमधले पाणी त्याच्या पोटात उतरते आणि तिथून परतणाऱ्या ऑइलबरोबर इंजिनात येते.

तिसरी खूण वायूची. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत, म्हणजे पाणी तापण्यापूर्वीच, वरचा होज दगडासारखा टणक होत असेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये घुसत आहे. मग हेड गॅस्केट, हेडची तडा किंवा नोझलची तांब्याची स्लीव्ह यांच्याकडे वळावे. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग, फुटला तर मात्र कूलंट एक्झॉस्टच्या वाटेने पांढऱ्या धुरात निघून जाते आणि ऑइलपर्यंत थोडेच पोहोचते. अशा गाडीचे कूलंट झपाट्याने संपते, पण ऑइल बऱ्यापैकी चांगले असते.

मालकाला विचारायचे प्रश्नही यावरूनच सुचतात. पाणी धावताना कमी होते की रात्री उभ्या गाडीतून? गाडी अलीकडे कधी तापली होती का? रेडिएटरमध्ये कूलंट घातले होते की विहिरीचे पाणी? गाडी वर्षभर उभी होती का? शेवटचा प्रश्न गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पुन्हा २०१८ मध्ये, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत असंख्य ट्रक साध्या पाण्यानिशी वर्षानुवर्षे उभे राहिले. अशा इंजिनातली ओ-रिंग कडक होऊन चपटी होते, तिच्या खाचेत गंज धरतो, आणि गाडी चालू केल्यावर पहिल्याच आठवड्यात लायनरखालून पाणी झिरपू लागते. हेड गॅस्केट तिथे पूर्णपणे निर्दोष असते.

चेंबर उतरवून खालून पाहणे

एकच तपासणी करायची असेल तर मी ही करीन. हिला वेळ लागतो, पण हत्यारे थोडी लागतात आणि ती अंदाजाला जागा ठेवत नाही.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट अगदी हळू, सुटेल इतकाच सैल करावा. कूलंट ऑइलपेक्षा जड असल्यामुळे जे पाणी मिसळलेले नाही ते तळाशी बसते आणि सर्वांत आधी बाहेर येते. ते पारदर्शक बाटलीत धरावे. त्याचा रंग रेडिएटरमधल्या कूलंटशी जुळला, तर वाफेचा आणि पावसाच्या पाण्याचा प्रश्न निकालात निघाला. मग सगळे ऑइल काढून चेंबर उतरवावा. काही गाड्यांत पुढचा ॲक्सल आड येतो आणि इंजिन थोडे उचलावे लागते. गाडीखाली जाणार असाल तर ती फक्त जॅकवर कधीच ठेवू नये, खाली स्टँड द्यावे. ट्रॉलरच्या आणि मोठ्या जनरेटरच्या अनेक इंजिनांना बाजूला झाकणे असतात, ती काढली तरी काम होते.

त्यानंतर रेडिएटर काठोकाठ भरून कॅपच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावावा आणि कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा. कॅपवर ०.९ असेल तर ०.९ बार, त्याहून जास्त नाही. उत्साहाच्या भरात दोन बार दिला तर धड असलेला हीटर किंवा रेडिएटर फुटतो आणि निदानात नवा गोंधळ येतो. काटा पंधरा मिनिटांत उतरला तर गळती मोठी आहे आणि ती टॉर्चच्या प्रकाशात लगेच दिसेल. काटा जेमतेम हलत असेल तर इंजिनाखाली स्वच्छ पांढरा पुठ्ठा अंथरावा, त्यावर सिलिंडरच्या रेषेत १, २, ३, ४ असे आकडे लिहावेत आणि दाब देऊन रात्रभर तसाच ठेवावा, मधून एकदोनदा पंप मारावा. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब कुठे पडले आहेत ते इंजिन स्वतःच सांगते. कूलंट फिकट असेल तर त्यात अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग मिसळावा.

आता थेंब कुठून सुटतो ते वाचायचे. लायनरचा खालचा काठ बाहेरच्या बाजूने, म्हणजे ब्लॉक आणि लायनर यांच्या सांध्यात ओला असेल, तर ओ-रिंग गेली आहे. थेंब लायनरच्या आतल्या भिंतीवरून किंवा पिस्टनच्या स्कर्टवरून येत असेल तर पाणी वरून उतरते आहे, किंवा लायनरलाच सुईएवढे भोक पडले आहे. हा फरक कळण्यासाठी क्रँक हाताने फिरवून तो पिस्टन वर न्यावा आणि उघड्या पडलेल्या भिंतीवर टॉर्च मारावा. भोक असेल तर एकाच जागी पाण्याचा मणी पुन्हा पुन्हा फुगताना दिसतो. मेन बेअरिंगच्या किंवा बिगेंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग) कडेने पाणी येत असेल तर ते ऑइलच्या गॅलरीतून येते आहे, कारण बेअरिंगपर्यंत दुसरी वाटच नाही. अशा वेळी थेट ऑइल कूलर काढावा. पुढच्या गिअरकडून येत असेल तर वॉटर पंप, टायमिंग कव्हर किंवा कॉम्प्रेसर. पुशरॉडच्या छिद्रांतून ओघळत असेल तर टॅपेट कव्हर उघडून हेडच्या वरच्या बाजूला शोधावे.

थंड इंजिनावर काहीच दिसले नाही तर निराश होऊ नये. हेडची तडा अनेकदा तापल्यावरच उघडते, तर कडक झालेली ओ-रिंग थंड असताना गळते आणि गरम झाल्यावर फुगून बंद होते. म्हणून चेंबर पुन्हा बसवून, स्वस्तातले का होईना पण नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालून, आणि सिलिंडरमध्ये पाणी नसल्याची खात्री करून, इंजिन कूलंट पुरते तापेपर्यंतच चालवावे. मग ते बंद करून कॅपवर जाड फडके धरून आधी आतला दाब सावकाश सोडावा आणि नंतरच टेस्टर लावावा. उकळत्या रेडिएटरची कॅप एकदम उघडून भाजून घेतलेले हात आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये आहेत.

वॉटर पंपाविषयी थोडे. गिअरवर चालणाऱ्या पंपात पाण्याचे सील आणि ऑइलचे सील यांच्यामध्ये एक बारीक छिद्र ठेवलेले असते, जेणेकरून पाण्याचे सील गेल्यावर थेंब बाहेर पडावा आणि चालकाला कळावे. खाणीच्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्यांत हे छिद्र लाल मातीने लिंपले गेलेले असते, मग पाणी बाहेर पडण्याऐवजी दुसऱ्या सीलमधून ऑइलमध्ये शिरते. तारेने ते छिद्र मोकळे करून पाहायला एक मिनिट लागतो.

ऑइल कूलर तपासणे

कूलर काढून त्याची ऑइलची एक बाजू बुचाने घट्ट बंद करावी, दुसऱ्या बाजूला हवेची नळी जोडावी, आणि उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, बहुधा ३ ते ५ बार, हवा भरून तो कोमट पाण्याच्या टबात बुडवावा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसेच हे आहे, फक्त घाई करायची नाही. बारीक चिरेतून बुडबुडा यायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि पाणी गार असेल तर कधी येतही नाही. हवेखाली असलेला कूलर हाताळताना तोंड दूर ठेवावे. कूलर निर्दोष निघाला तरी त्याच्या बैठकीच्या ओ-रिंग आणि गॅस्केट बारकाईने पाहावे, कारण अनेक छोट्या डिझेल इंजिनांत कूलर आणि ऑइल फिल्टर एकाच बैठकीवर असतात आणि ऑइल व पाण्याची छिद्रे एका बोटाच्या अंतरावर असतात. फुटलेला कूलर डाग देऊन पुन्हा वापरण्याच्या मी विरोधात आहे. वाचलेले पैसे बेअरिंगमध्ये जातात.

वायूची परीक्षा

रेडिएटरच्या तोंडावर निळा द्रव भरलेली काचेची नळी धरून वरची हवा त्यातून ओढायची, आणि द्रव पिवळा पडला तर जळका वायू आहे, ही परीक्षा बाजारात सहज मिळते. पेट्रोल इंजिनावर ती चटकन उत्तर देते. डिझेल इंजिन मात्र रिकामे घुरघुरत असताना भरपूर जादा हवा घेते, त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि दोष असूनही द्रव निळाच राहू शकतो. म्हणून ही परीक्षा गाडीवर भार देऊन, शक्य तर एखादा चढ चढवून लगेच करावी. ऑइल आधीच बिघडलेल्या गाडीवर अर्थातच हे करता येत नाही, म्हणून तिथे दुसरा मार्ग धरावा: ज्या सिलिंडरचा संशय आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून, नोझलच्या छिद्रातून हवा सोडावी आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का पाहावे. हवा सोडल्याबरोबर इंजिन झटक्याने फिरू शकते, तेव्हा क्रँकवर पाना राहिलेला नसावा आणि कोणाची बोटे पंख्याजवळ नसावीत.

हेड उतरवायचेच झाले तर

उतरवल्यावर गॅस्केट ताबडतोब फेकून देऊ नये, तोच पुरावा आहे. सिलिंडरपासून पाण्याच्या छिद्रापर्यंत काळी जळकी रेघ गेली असेल तर दोषाची जागा मिळाली. ज्या पिस्टनचे डोके इतरांपेक्षा स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखे दिसते तिथे पाणी येत होते. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक मोजावा. मर्यादा इंजिनागणिक वेगळी असते, म्हणून मॅन्युअलमधलाच आकडा धरावा. वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट कूलंटमध्ये बुडालेले लायनर, असतील तर प्रत्येक लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर आहे ते डायल गेजने चार ठिकाणी मोजावे. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते, आणि दोन शेजारच्या लायनरमध्ये त्यात फरक पडला तर उत्तमातले उत्तम गॅस्केटही टिकत नाही. नुसते फेसिंग करून हेड परत बसवणाऱ्या ठिकाणी हे माप कोणी घेत नाही, आणि तीच गाडी दोन महिन्यांनी परत येते. तडेसाठी हेड मशीन शॉपमध्ये देऊन गरम पाण्यात हवेच्या दाबाखाली तपासून घ्यावे. दोन व्हॉल्व्हमधला आणि नोझलच्या छिद्राजवळचा भाग विशेष पाहावा.

लायनर बाहेर काढला असेल तर त्याची बाहेरची बाजू पुसून पाहावी. पिस्टन ज्या बाजूला आदळतो त्या बाजूला उभ्या पट्ट्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसली, तर तो गंज नव्हे. लायनर थरथरतो, त्याच्या पाठीशी पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि त्या फुटण्याने धातू कुरतडला जातो. कूलंटमधली रसायने लायनरवर संरक्षक पापुद्रा धरून ही झीज रोखतात. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास विहिरीचे पाणी ओतले जाते आणि खाडीजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणाही येतो; त्या पाण्यात ना ही रसायने असतात, ना ते धातूला मानवते.

ट्रॉलरच्या इंजिनात आधी पाणी कोणते ते ठरवावे

समुद्रावरच्या इंजिनात दोन पाणी असतात, आतले गोडे आणि बाहेरचे खारे, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. ऑइलचा नमुना समप्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये जोराने हलवून, खाली बसलेले पाणी वेगळे काढून गाळावे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत; दाट पांढरा साका आला तर खारे पाणी आले आहे. मग हेडकडे न जाता खाऱ्या पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर आणि एक्झॉस्टची नळी पाहावी. ज्या बोटींत खारे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेले असते, तिथे सुरू न होणाऱ्या इंजिनावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याने नळी पाण्याने भरते आणि ते पाणी मागे सिलिंडरमध्ये येते. खारे पाणी आत गेल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. ते ऑइल त्याच दिवशी काढून नवे घालावे, नोझल काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे आणि इंजिन फिरवावे, कारण गंज काही तासांतच धरतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावर बोटी उभ्या असतात तेव्हा ऑइल कूलर काढून तपासायला उत्तम सवड मिळते. जुने ऑइल तसेच ठेवून बंदी उठण्याच्या आदल्या दिवशी डिपस्टिक ओढणाऱ्यांची मात्र तारांबळ उडते.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना

संशय आहे पण काहीच दिसत नाही, अशा वेळी गरम इंजिनातून १०० मिलिलिटरच्या आसपास ऑइल स्वच्छ बाटलीत काढून वापरलेल्या ऑइलची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावे, आणि त्याच डब्यातल्या नव्या ऑइलचा नमुनाही सोबत द्यावा. सोडियम आणि पोटॅशियम हे कूलंटमधल्या रसायनांचे घटक आहेत. पाणी उडून गेले तरी ते ऑइलमध्ये राहतात. पण काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच असते, म्हणून नव्या नमुन्याशी तुलना केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. समुद्रालगत चालणाऱ्या इंजिनात केवळ सोडियम वाढलेले दिसले तर ते मिठाचेही असू शकते. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही एकत्र वाढले तर कूलंटवरचा संशय पक्का होतो. शिसे आणि तांबे यांचे आकडेही चढलेले असतील तर बेअरिंगची झीज सुरू झाली आहे.

दुरुस्तीनंतर

दोष सापडून भाग बदलला तरी ऑइलमधले ग्लायकॉल तसेच असते, आणि ते तापून आम्ल व चिकट गाळ तयार करते. बिगेंडची निदान दोन बेअरिंग उघडून पाहावीत. पृष्ठभाग काळवंडलेला किंवा खरवडलेला असेल तर सगळा संच बदलावा. चेंबर, ऑइल पंपाची जाळी आणि टॅपेट कव्हर हाताने धुवावे. नवे ऑइल व फिल्टर घालून इंजिन भार न देता तासभर चालवावे, ते ऑइल गरम असतानाच काढून टाकावे, पुन्हा नवे ऑइल आणि फिल्टर घालावा. काढलेला फिल्टर कापून घडी उलगडून पाहावा, त्यात चकाकणारे कण आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती देऊ नये. ऑइल कूलंटमध्ये गेले असेल तर कूलिंगची बाजू फेस न येणाऱ्या साफ करणाऱ्या द्रवाने दोन-तीनदा धुवावी लागते, आणि ऑइलने फुगून मऊ पडलेले होज बदलावे लागतात. काढलेले दुधाळ ऑइल ओहोळात किंवा माडाच्या आळ्यात न ओतता कॅनमध्ये भरून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना, डिपस्टिकची आणि टाकीची पातळी वहीत लिहून ठेवावी. टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख घातली तरी चालते. पहिल्या दोन-तीन दिवसांत अडकलेली हवा निघाल्याने टाकी थोडी उतरेल, त्यानंतर ती रेघ हलता कामा नये.